टाकेवालीला काय जमत नाही

८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

टाकेवालीला काय जमत नाही? आठवडाभर हा एकच प्रश्न डोक्यात घेऊन फिरते आहे, आणि खरं सांगते, मला उत्तर माहीत नाही. म्हणून तुला विचारते.

नमस्कार करायचा राहिलाच. नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्याहून जास्त कुरकुरते, त्यामुळे काळजी नाही. बाबांची दुपारची पाळी चालू आहे. त्यांना नवी बस मिळाली आहे, आणि तिचं दार आपोआप मिटतं याचं कौतुक अजून संपलेलं नाही. माझी वाचनालयातली नोकरी कायम झाली. मुलांच्या विभागात बसते. टेबलावरच्या पाटीवर नावापुढे पदवी लिहिली आहे. ओळखीचं कुणी भेटलं की आई त्यांना ती पाटी बघायला पाठवते. पुस्तक न्या असं मात्र कुणाला सांगत नाही.

आता टाकेवालीचं. रविवारी दुपारी आम्ही चौघं एक खेळ खेळतो. पट नसतो, सोंगट्याही नसतात. एकजण सूत्रधार होतो. तो एक शहर सांगतो, त्यात कोण संकटात आहे ते सांगतो, आणि बाकीच्यांनी आपापल्या सुपरहिरोच्या तोंडून बोलायचं. मी अमुक करते, असं म्हणायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. जमलं की नाही ते फासा ठरवतो. आमच्या सूत्रधार मॅडम दातांच्या डॉक्टर आहेत, म्हणून आम्ही त्यांच्याच बंद दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसतो. एका भिंतीला मासे, दुसऱ्या भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र. मॅडमच्या हॉस्पिटलमधल्या ओळखीचा एक वायरमन आहे. त्याचा हिरो झटका. त्याच्या बोटांतून वीज निघते, पण पाणी लागलं की विझतो. माझी कॉलेजातली मैत्रीण ताड (उंची बघून ठेवलेलं नाव, तिला चालतं) हिची हिरोईन घार. ती उडते, पण अंधारात तिला काही दिसत नाही.

माझा आधीचा हिरो गेल्या महिन्यात पुलाबरोबर खाली गेला. नवा आणायचा होता. बाकीच्यांनी पंचवीस नावं सुचवली. मला एकच सुचली, तू सांगायचीस त्या गोष्टींतली टाकेवाली.

तुला न विचारता तिला आणलं, हे बरं केलं का ते तूच ठरव. पण मी तिला जशीच्या तशी आणायचा प्रयत्न केला. फाटलेलं काहीही शिवणारी. फाटलेला ढग, फाटलेली नदी, फाटलेली वाट. शिवून झालं की दोरा दाताने तोडून निघून जाणारी, कुणाकडे जेवायला न थांबणारी. मॅडम ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "छान आहे. पण ही जिथली आहे तिथे जादू चालते. आपल्या शहरात जे जमतं त्याची काहीतरी किंमत लागते. हिला सगळंच जमतं, म्हणजे ही देव झाली. देवाबरोबर खेळायला मजा येत नाही गं."

मी म्हटलं, एकदा खेळून तर बघू. खेळलो. बँक फुटली, तिने शिवली. गॅसची नळी फुटली, तिने शिवली. झटका नुसता उभा, घार नुसती वर घिरट्या घालत. शेवटी ताड म्हणाली, "आम्ही काय टाळ्या वाजवायला येतो का?" आणि तिचं बरोबर होतं, आत्या. तुझ्या गोष्टीत टाकेवाली एकटी असते. इथे चौघांत बसवायची तर तिला कुठेतरी आत घ्यायला हवं, कुठेतरी सैल सोडायला हवं. तू माझा गणवेश उंच पोरीच्या जुन्या गणवेशातून बेतायचीस तसं. मॅडमनी मला तीन रविवार दिले आहेत. तोवर तिची कमजोरी सांगितली नाही तर ती खेळातून बाहेर.

मला ती बाहेर गेलेली चालणार नाही. का, ते नीट सांगता येत नाही. एवढंच कळतं की ती या घरातून एकदा गेली आहे.

मी हे पत्र लिहिते आहे हे बाबांना माहीत नाही. मुद्दाम लपवलं असं नाही, विषय निघाला नाही इतकंच. तुझा विषय आपल्याकडे निघत नाही, हे तुलाही माहीत आहे. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

कारखान्यातून किती काम घरी शिवायला आणतेस? शाळांचे गणवेश अजून तूच शिवतेस का? तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे असं आईने ऐकलंय. उजेड येतो ना?

उत्तर पाठव, एका ओळीचं का होईना.

तुझीच बेतलेली,
चिंधी


२४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं कार्ड पोहोचलं. "तिला उडवू नकोस. ती पायी चालते. झगा-मुखवटा नको. तब्येत ठीक." मी ते उलटसुलट करून पाहिलं. जे विचारलं नव्हतं त्या सगळ्याची उत्तरं होती. जे विचारलं होतं ते तू आतून घातलेल्या टाक्यासारखं लपवलंस, बाहेरून काही दिसतच नाही. मॅडमना कार्ड दाखवलं. त्या म्हणाल्या, "आत्याबाई कडक दिसतात."

आता कालच्या रविवारचं सांगते. शक्य तितकं नीट सांगते.

शनिवारपासून बाबांची दाढ ठणकत होती. सकाळी गाल चेंडूएवढा झाला. आई म्हणाली, "ज्या दवाखान्यात पोरगी दर रविवारी बसते तिथे बापाला एकदा नेलं तर काय बिघडेल?" मॅडम म्हणाल्या, औषध देते, सूज थोडी उतरू दे, तोवर बसा, खेळ झाला की बघते. म्हणून बाबा त्या दाढेच्या चित्राखालच्या खुर्चीत, गालाला रुमाल लावून, माशांकडे बघत बसले. मला फार अवघडल्यासारखं झालं. त्यांच्यासमोर मी टाकेवालीचं नाव काढणार होते.

खेळात त्या दिवशी भूकंप्या आला होता. तो पाय आपटतो आणि जमीन दुभंगते. त्याने शहर मधोमध फाडलं. बाजार एका काठावर, हॉस्पिटल दुसऱ्या काठावर, आणि हॉस्पिटलचा काठ खाली खाली सरकत चाललेला. विजेचे दिवे गेले. टाकेवाली बाजाराच्या काठावर उभी. मॅडमनी हाताची घडी घातली. "शिवायच्या आधी सांग. हिला काय जमत नाही?"

मी तयारी करून गेले होते. म्हटलं, ती पाण्याला भिते.

"तिने नदी शिवली होती. तूच सांगितलंस."

म्हटलं, ती उंचावर घाबरते.

"ढग जमिनीवरून शिवला का?" वायरमन म्हणाला.

म्हटलं, तिला वाचता येत नाही. ताड म्हणाली, "मग? भेगेवर पाटी लावलीय का?"

मला रडू यायला लागलं होतं. मी म्हटलं, "मला खरंच माहीत नाही हो. तिच्या सगळ्या गोष्टी एकाच वाक्याने सुरू व्हायच्या. सुईत दोरा ओवलेलाच होता, आणि टाकेवाली चालत निघाली. पुढे तिला काही अडायचंच नाही."

"नव्हता."

कोण बोललं ते आधी कळलंच नाही. बाबांनी रुमाल बाजूला केला होता. "ओवलेला नव्हता," ते म्हणाले, आणि बोलताना दाढ दुखली म्हणून डोळे मिटले. "तिला जवळचं दिसत नाही. सुईचं भोक दिसत नाही तिला. दोरा चिमणा ओवायचा."

मी म्हटलं, "कुठला चिमणा?" आत्या, तुझ्या तोंडून मी त्या गोष्टी इतक्या ऐकल्या, एकीतही चिमणा नव्हता.

"तिच्या खांद्यावर असायचा. चोचीने दोरा ओवायचा, मग ती शिवायला घ्यायची. चिमणा आला नाही तर ती सुई हातात धरून नुसती बसून राहायची."

मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, हेच. मला हेच हवं होतं."

वायरमन म्हणाला, "ओवायची ती पत्र्याची चकती मिळते की बाजारात."

"सुपरहिरोला चकती?" ताडने त्याला गप्प केलं.

मग मॅडमनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी पाचवी खुर्ची ओढली आणि फासा बाबांसमोर ठेवला. "चिमणा हॉस्पिटलच्या काठावर आहे. अंधार आहे, वारा आहे, मधे भेग आहे. टाकेवाली पलीकडे सुई धरून बसली आहे. चिमणा काय करतो?"

मला वाटलं बाबा उठून जातील. तुला माहीत आहे ते, लग्नकार्यातसुद्धा पत्त्यांच्या डावात बसत नाहीत. ते फाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जातो."

फासा टाकला. तीन आले. मॅडम म्हणाल्या, वाऱ्याने चिमण्याला भिंतीवर आपटलं. बाबांचा हात आपोआप खांद्याकडे गेला. झटका म्हणाला, थांबा, मी आहे, आणि त्याने स्वतःची वीज आकाशात सोडली, सगळी, पुढच्या फेऱ्यांसाठी काहीही न राखता. उजेड झाला. उजेड झाला म्हणून घारीला दिसलं. ती खाली झेपावली आणि चिमण्याला पंखाखाली घेतलं. एका क्षणात आम्ही सगळे उभे होतो. मला कळलं नाही कधी उभी राहिले. याआधी टाकेवाली एकटी सगळं करायची तेव्हा आम्ही खुर्चीत रेलून असायचो.

बाबांनी दुसऱ्यांदा टाकला. एकोणीस.

"पोहोचला," मॅडम म्हणाल्या. "टाकेवालीच्या खांद्यावर बसला. चिमणा काय म्हणतो?"

माशांच्या टाकीतला पंप तेवढा आवाज करत होता. बाबांचा सुजलेला गाल, डोळ्यांत पाणी, ते दाढेचं असेल. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे कुणी उभं असावं तसं तिकडे बघत होते. म्हणाले, "म्हणतो, आण ती सुई."

आणि मी शिवलं, आत्या. पाण्याच्या टाकीपासून स्टेशनपर्यंत, अख्खी भेग. प्रत्येक टाक्याला फासा टाकला, एकदोनदा दोरा तुटला, बाबा प्रत्येक वेळी म्हणाले, "आण." हॉस्पिटलचा काठ वर आला. बाजार आणि हॉस्पिटल एकमेकांना टेकले. भूकंप्याने पुन्हा पाय आपटला आणि शिवण हलली नाही. वायरमनने टेबल असं बडवलं की मासे टाकीच्या तळाशी गेले. ताडने मला उचललं. मॅडम किंचित हसत म्हणाल्या, "चला काका, आता तुमचं."

दाढ निघाली. घरी येताना तोंडात कापूस, म्हणून बाबा बोलू शकत नव्हते, आणि मीही काही विचारलं नाही. आज सकाळी उठले तर ते स्वयंपाकघरात, खिडकीशी. आईच्या डब्यातल्या सगळ्या सुया काढलेल्या. एकेका सुईत दोरा ओवून पिनकुशनमध्ये टोचत होते. हे मी पाहिलेलं आहे. मी लहान असताना तुझ्या मशीनवरचं पिनकुशन रोज सकाळी असंच असायचं, प्रत्येक सुईला शेपटी. मला वाटायचं सुया तशाच मिळतात दुकानात.

"पाळीला जायच्या आधी ओवून ठेवायचो," बाबा म्हणाले. "दिवसभर पुरतील एवढ्या. लहानपणापासून तिला दिसत नाही जवळचं. ती मला चिमण्याच म्हणायची."

मी विचारलं, मग माझ्या गोष्टीत चिमणा का नव्हता?

"डेपोतली माणसं आली होती जेवायला. तिने सगळ्यांदेखत ती गोष्ट सांगितली, कौतुकाने. पुढे आठवडाभर मी बसमध्ये चढलो की मागून चिवचिव. मी तिच्यावर तापलो. म्हटलं, मला तुझ्या गोष्टीतून काढ. तिने काढलं." मग पुढच्या सुईत दोरा घातला. "ओवायचं मी सोडलं नव्हतं. पण ते काही तिने गोष्टीत ठेवलं नाही."

ठेवलंस तू. ओवलेलाच होता, असं म्हणायचीस. कुणी ओवला तेवढं फक्त सांगत नव्हतीस.

आत्या, गेल्या पत्रात मी म्हटलं, त्याबद्दल काही लिहीत नाही. आता लिहिते. गोष्टींच्या नादात गणितात मी नापास झाले त्या दिवशी मी दाराआड उभी होते. बाबा तुला म्हणाले, "स्वतःचं घर नाही, म्हणून माझ्या पोरीच्या डोक्यात घर करून बसलीस." तू हातातली टीप पुरी केलीस, दोरा दाताने तोडलास आणि मशीनवर झाकण घातलंस. दुसऱ्या दिवशी मशीन जिन्यावरून खाली उतरताना प्रत्येक पायरीवर आपटत होतं. बाबा पाळीवर होते. मला वाटतं त्या सकाळी त्यांनी सुया ओवल्या नव्हत्या.

मी पदवी घेतली त्या दिवशी माझ्या शेजारची खुर्ची मी कुणाला बसू दिली नाही. कार्यक्रम सुरू झाल्यावर बाबांनी त्या खुर्चीवर आपली टोपी ठेवली. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, तीच खुर्ची तेही राखत होते.

आज सकाळी त्यांचे तेच घराचे शब्द मी त्यांना म्हणून दाखवले. वाईट वाटावं म्हणून नाही, ते विसरले नाहीत ना हे बघायला. ते विसरले नव्हते. म्हणाले, "घर तिचंच होतं. ते बोलणं दाढेसारखं उपटता आलं असतं तर कधीच काढलं असतं." असं काही मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. नंतर ते डबा घेऊन पाळीला गेले आणि सुया तशाच राहिल्या, उन्हात चमकत.

तिकडे तुझ्या सुया कोण ओवतं?

वाट बघते,
चिंधी


१२ मार्च, दुपार

प्रिय आत्या,

दुसऱ्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली. बाबांनीही पाहिली. ते पत्रपेटीकडे बघत नाही असं दाखवत रोज पेटीपाशी चपला घालायचे. आणि रोज सकाळी सुया. आईच्या डब्यातल्या संपल्या तर नवं पाकीट आणलं. शेवटी आई म्हणाली, "इतक्या ओवलेल्या सुयांचं मी काय करू? लोणचं घालू?"

इकडे टाकेवाली खेळात पक्की बसली आहे. मॅडमनी तिच्या नावापुढे लिहिलं, हिला एकटीने सुरुवात करता येत नाही. वायरमन म्हणतो, ही आता आमच्यातली सगळ्यात ताकदवान हिरो आहे, कारण हिच्यासाठी आम्हा सगळ्यांना उठावं लागतं. पाचवी खुर्ची आता टेबलाशीच असते. बाबा दोनदा आले. एकदा तर पाळी बदलून घेऊन आले आणि कारण विचारल्यावर डेपोत सांगितलं, चिमण्याचं काम आहे. मागून चिवचिव झाली. ते म्हणाले, होऊ दे.

मी पदवीधर झाले तेव्हा मला वाटायचं की शिकलेल्या माणसाने घरातलं जे फाटलंय ते नीट वाक्यात मांडलं की ते आपोआप जुळतं. दोन पत्रं मी त्याच विश्वासाने लिहिली. विश्वास चुकला असं अजूनही वाटत नाही. पण पत्र पोहोचलं म्हणजे चिमणा पोहोचला असं नाही. त्याला स्वतःलाच भेग ओलांडावी लागते.

म्हणून गेल्या रविवारी ठरवलं की तुला येऊ का असं विचारायचं नाही. विचारलं असतं तर तू कार्ड पाठवलं असतंस, तब्येत ठीक.

बाबांनी सुट्टी मागितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा प्रवासी म्हणून बसमध्ये बसले, आणि प्रत्येक वळणावर त्यांचा पाय खाली ब्रेक दाबत होता. पुढच्या ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिलं. शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही चालवता का?" बाबा म्हणाले, "नाही नाही, तुमचं बरोबर चाललंय."

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पाकिटावर तिकीट नाही. मी ते तुझ्या जिन्यात, गुडघ्यावर ठेवून लिहिते आहे. तिसरा मजला, निळं दार, पायपुसण्याला चारी बाजूंनी इतकी सरळ शिवण की दुसऱ्या कुणाचं घर असणं शक्यच नाही. आत मशीन चालू आहे. मधेच थांबतं, बराच वेळ थांबतं, मग पुन्हा सुरू होतं. ते थांबतं तेव्हा तू काय करत असशील ते आता आम्हा दोघांना कळतं. प्रत्येक वेळी बाबा अर्धवट उठतात आणि पुन्हा बसतात.

ते माझ्या वरच्या पायरीवर आहेत. मांडीवर पिनकुशन. बसमध्ये ते छातीशी धरून बसले होते, शेजारची बाई विचारत होती, काय पाळलंय का. सुया पंचवीसेक असतील. पांढरा, काळा, खाकी, शाळेचा निळा. रंग त्यांनीच निवडले. काय बोलणार ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. मी शिकवू पाहिलं, ते म्हणाले, राहू दे, मला माझं वाक्य माहीत आहे.

परत ये असं सांगायला आम्ही आलेलो नाही. तुला इथेच राहायचं असेल तर इथेच राहा, उजेड खरंच चांगला आहे. आम्ही फक्त सुया द्यायला आलो आहोत.

मशीन थांबलं आहे. पत्र दाराखालून आत सरकवते.

दार उघडलंस की पायाशीच,
चिंधी
आणि चिमण्या